समुद्राकडे बघणारा कप्तान

बांबूच्या वलांडीवर सुकणाऱ्या बोंबलांचा वास आला, की साठच्या दशकातला सातपाटीचा तो बास्केटबॉलचा सामना आठवतो. आम्ही पालघरच्या शाळेकडून गेलो होतो. मैदान किनाऱ्यालाच लागून होतं आणि पंच सातपाटीच्याच शाळेचे सर, त्यामुळे स्वतःच्या मुलांवर जास्तच कडक. रात्रभर वारा सुटला होता. सकाळपासून एकेक होडी परतत होती, सातपाटीच्या संघाच्या कप्तानाच्या बापाची तेवढी यायची होती. खेळता खेळता तो रेषेबाहेर जाऊन समुद्राकडे बघायला लागला, तेव्हा सरांनी त्याला ताकीद दिली. थोड्या वेळाने एक होडी दुसऱ्या रिकाम्या होडीला ओढत आणताना दिसली. "सर, ती आमची हाय. बाबा नाय तिच्यात," एवढं बोलून तो धावत सुटला. सरांची शिट्टी सवयीनेच वाजली. खेळ सोडून गेल्याबद्दल टेक्निकल फाऊल. फ्री थ्रोसाठी त्यांनी चेंडू माझ्याकडे दिला. मग गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी वाळूत टाकली आणि तेही त्याच्यामागे धावले. किनाऱ्यावर बायकांचं रडणं सुरू झालं. मी चेंडू धरून तसाच उभा राहिलो. आता नातू खेळताना मध्येच बाहेर कुठे बघायला लागला, तर मी त्याला ओरडत नाही. तो बघतो तिकडे आधी मी बघतो.