हिर्डोशीवरच्या शाळेची चूल

निघताना सासूबाईंनी एकच बजावले, "जाताना दोघे आहात, येताना तीन दिसा."

तिसरा म्हणजे माझा धाकटा दीर, दिनू. भोर संस्थानात, हिर्डोशीच्या वर डोंगरात एक वाडी आहे, तिथल्या शाळेवर तो दोन वर्षे मास्तर आहे. यंदा पावसाळ्यात त्याला हिवतापाने गाठले आणि दिवाळीला तो घरी आलाच नाही. इकडे आमच्या ह्यांनी ओळखीपाळखीने पुण्यातल्या एका शाळेत त्याच्यासाठी जागा पाहून ठेवली. दोन पत्रे टाकली, उत्तर नाही. तेव्हा कान धरून आणायचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. मी लग्न होऊन आले तेव्हा दिनू जेमतेम शाळेत जाऊ लागला होता. त्याचे पाढे मीच घेतले, त्यामुळे त्याच्या कानावर माझा हक्क आहे.

ज्यांना तिकडे जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे सांगते. पुण्याहून भोरला सर्व्हिस मोटार मिळते. ड्रायव्हरशेजारची जागा मानाची म्हणून धरू नका, इंजिनाच्या धगीने पाय भाजून निघतात. आमच्या ह्यांनी हट्टाने ती धरली आणि कात्रजचा घाट उतरेपर्यंत मांडी घालून बसले. डोक्याला फडके बांधाच, धूळ फार. कापूरहोळला मोटार बराच वेळ थांबते, तिथला चहा गोड आहे एवढेच म्हणेन. भोरला नदीकाठच्या धर्मशाळेत उतरलो. दुसऱ्या दिवशी बाजारातून हिवतापावरचे कोयनेल, चहा आणि साखर घेऊन ठेवली. पुढे भात आणि दूध भरपूर, पण ह्या तिन्हींचा भरवसा नाही.

भोरहून पुढे बैलगाडी केली. दिवसभराचा रस्ता, पण मला तो पुण्यातल्या कुठल्याही फेरफटक्याहून आवडला. नीरा नदीच्या दोन्ही अंगांनी भात कापून झालेली खाचरे, कुठे झोडणी चाललेली, नाचणीची कणसे खळ्यावर पसरलेली. आमच्यापाशी सामान बरेच होते. पथ्याचे शिजवावे लागेल म्हणून मी पातेली, पळी, पोळपाटसुद्धा बांधून घेतला होता. गाडीवान मागे वळून वळून बघत होता. शेवटी त्याने विचारलेच.

"बाई, कुनाकडं म्हनायचं?"

"मास्तरांची वहिनी मी."

"मंग बेस झालं. मास्तराचं बिऱ्हाड आलं म्हना की!"

मी हसून सोडून दिले. गाडीच्या खडखडाटात कोण खुलासा करत बसणार?

हिर्डोशीत रात्र काढून सकाळी वाडीची चढण धरली. गाडीवानाचा निरोप आमच्या आधी वर पोचला होता. अर्ध्या वाटेवरच चार बाया खाली आल्या आणि पातेल्यांची बोचकी डोक्यावर घेऊन पुढे झाल्या. त्यांतली एक बायजाबाई. तिचा धनगरवाडा शाळेच्याही वर, सड्यावर म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर आहे. गुरे राखायची, तूप विकायचे, आणि मधल्या वेळात सगळ्या वाडीला कामाला लावायचे, असा तिचा खाक्या दिसला.

शाळा म्हणजे देवळाची पडवी. भिंतीला एक फळा, कोपऱ्यात पाट्यांची चळत. पण पडवीला लागून एक नवी कोरी खोली उभी होती. कारवीचा कूड, वर गवताचे छप्पर, जमीन इतकी सुरेख सारवलेली की पाय ठेवायला संकोच वाटावा. आत एक चूल होती. मातीची, नुकती वाळलेली, एकदाही न पेटलेली. तिच्याशेजारी कांबळ्यात गुरफटून दिनू बसला होता. गालफडे बसलेली, डोळे पिवळे.

"वहिनी, तू कशाला आलीस?" तो म्हणाला, आणि लगेच, "बरं झालं आलीस."

संध्याकाळी त्याला हुडहुडी भरली. मी दारातून हाक मारली, "अगं, कोणी विस्तव देता का?" बायजाबाईची सोनी, दहा-अकरा वर्षांची असेल, धावत गेली आणि खापरीवर रसरशीत निखारे घेऊन आली. शाळेत येणारी मुलगी अशी ती एकटीच. बाकी सगळे मुलगे. मी निखारे चुलीत घातले, वर काटक्या रचल्या, फुंकर मारली. जाळ धरला तेव्हा मान वर करून बघते तो दारात वाडीतल्या साऱ्या बाया उभ्या. बायजाबाई पुढे आली, चुलीला हळदकुंकू वाहिले, मूठभर तांदूळ ठेवले. मग प्रत्येकीने मूठमूठ ठेवले. मला वाटले, काय माया आहे माणसांची! मी त्याच तांदळांची पेज करून दिनूला पाजली.

सकाळी पडवीत सात-आठ नव्या मुली बसलेल्या. चोपून तेल लावलेली डोकी, हातात पाटी नाही, पण मांडी घालून अगदी तयारीत.

"ह्या कुठून आल्या?" मी बायजाबाईला विचारले.

"हितल्याच की. मास्तरीन आली म्हनून आयांनी धाडल्या."

"पण मी मास्तरीण नाही हो. मी वहिनी त्याची."

"व्हय की. पन चूल तुमी पेटवली न्हवं?"

मग सगळा उलगडा झाला. इथली रीत अशी, की नव्या चुलीत पहिला विस्तव जी बाई घालते, तिचे ते घर. मास्तर टिकत नाही, कारण त्याला चूल नाही, आज ह्या घरची भाकरी, उद्या त्या घरची, असे वाडीने आपल्या परीने ठरवले होते. म्हणून दिनू आजारी पडल्यावर सगळ्यांनी मिळून ही खोली बांधली, आणि मी पोळपाटासकट येऊन पेटवून मोकळी झाले.

मी दिनूकडे गेले. तो माझी फजिती ऐकून हसला. "वहिनी, मला घरी यायचंय," तो म्हणाला. "अंगात त्राण नाही उरलं. पण ह्यांना सांगायला माझी जीभ रेटत नाही. तू सांग."

म्हणजे कान धरायची गरजच नव्हती! मला हायसे वाटायला हवे होते. वाटले नाही. त्या दिवशी मी मुलींना जमिनीवर राख पसरून 'ग म भ' गिरवायला दिले आणि सांगायचे संध्याकाळवर ढकलले. पोरी इतक्या मन लावून गिरवत होत्या की मला त्यांच्याकडे बघवेना.

संध्याकाळी खळ्यावर सगळे जमले तेव्हा मी सांगून टाकले. आम्ही राहायला नव्हे, न्यायला आलो आहोत. आजारीपणाची रजा घेऊन तो येईल. पुण्यात त्याच्यासाठी जागा बघितली आहे. परत येईल असे मी कबूल करू शकत नाही.

कोणी रागावले असते तर बरे झाले असते. झोडणीचा हात तेवढा थांबला.

"मागला मास्तर गेला, तवा शाळा दोन पावसाळं बंद हुती," बायजाबाई म्हणाली. "सोनी पयलं पुस्तक वाचाय लागलेली. समदं इसरली. ह्या मास्तरानं पुन्ना पयल्यापासनं शिकवलं." "न्या तुमी. तापाचं मानूस हाय, त्याला हितं ठिवून आमाला काय पाप घ्यायचं न्हाई. पन बाई, चूल इझवून जाऊ नका. पेटवली तुमी, राखू आमी."

माझे डोळे भरून आले, आणि ते मी झोडणीच्या धुळीवर ढकलले.

डोलीत घालून दिनूला हिर्डोशीला उतरवले. चार खांदे सारखे बदलत होते, आणि आमचे हे बाजूने छत्री धरून चालत होते. सोनी वळणापर्यंत आली. "मास्तर, बारापत्तर पाढं येत्यात मला," एवढेच म्हणाली आणि माघारी पळाली.

पुण्यात मऊ भात आणि कोयनेल ह्यांनी दिनूच्या तोंडावर रंग आला. सासूबाई खुशीत होत्या. नव्या शाळेत रुजू व्हायचा दिवस जवळ आला, कोट इस्त्री करून झाला. वाडीचा विषय कोणी काढत नव्हते. मी मात्र रोज शेगडी पेटवताना तिकडे काय झाले असेल म्हणून निखाऱ्यांकडे बघत बसे.

परवा सकाळी दारात बायजाबाईचा नवरा रामजी उभा! तूप विकायला पुण्यात आला होता, आमचा पत्ता विचारत विचारत पोचला. सासूबाईंनी त्याला ओसरीवर बसवले, चहा दिला. दिनू आतून आला.

"चूल आहे का रामजी?" मीच विचारले.

"हाय तर. पाळ्या लावल्यात. येका घरची पोर येती, गवरी घालती, निखारा राखंखाली दडपती. वरनं धनगरवाड्यातल्या पोरी बी उतरत्यात. मंग आल्याच हायती तर समद्या बसत्यात शाळंत. सोनी घेती पाढं."

"मास्तराशिवाय?" ह्यांनी विचारले.

"व्हय. बारापत्तर म्हंत्यात. फुडं सोनीलाच येत न्हाई. मंग पुन्ना येकापासनं सुरू करत्यात."

"रोज?" दिनूने विचारले.

"रोज की."

दिनू म्हणाला, "सोनीला सांगा, तेराचा पाढा मी आल्यावर."

सासूबाई आत होत्या, पण त्यांच्या कानाला काही चुकत नाही. मला धास्ती वाटली, आता रडारड होणार. त्या बाहेर आल्या त्या पंच्यात बांधलेल्या मेतकुटाच्या डब्यासकट. दिनूपुढे डबा ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

"ह्याला एकट्याला धाडू नकोस. तूही जा. पोरींना काय ते मार्गी लाव, आणि ह्याचं खाणंपिणं बघ होळीपर्यंत."

मी विचारले, "आणि येताना?"

"येताना तू एकटी दिसलीस तरी चालेल," त्या म्हणाल्या, आणि पदराने नाक पुसत आत गेल्या.