उतारावर डोललेली कॅरव्हॅन
विभावरीने मुंबईत असेपर्यंत स्टीअरिंगला हात लावला नव्हता. शारजाला आली, अल मजाजच्या फ्लॅटमध्ये संसार मांडला, एका हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी धरली आणि टेस्टमध्ये नापास होत होत शेवटी लायसन पदरात पाडून घेतलं. पुढे नवऱ्याची, दत्तप्रसादची, कंबर धरायला लागली, तेव्हापासून लांबचा प्रवास म्हटला की चावी तिच्याकडे.

कॅरव्हॅनचं खूळ मात्र प्रसादचं. थंडी पडली की इकडची माणसं चाकांवरची ही घरं गाडीला जोडतात आणि समुद्रावर नाहीतर वाळवंटात मुक्कामाला जातात. देश सोडून चाललेल्या एका सहकाऱ्याकडून त्याने ती घेतली. आत पलंग, ओटा, न्हाणीघर, सगळं. तिच्यापुढे आपली गाडी खेळण्यातली वाटतेय, असं विभावरीच्या मनात आलं.

"आपल्या गाडीला झेपेल ना ही?" तिने विचारलं.

"झेपते की. पार्किंगमध्ये फिरवून पाहिली," प्रसाद म्हणाला.

नवऱ्याने बघून घेतलं असेल, या भरवशावर ती डोंगरापलीकडच्या समुद्रकाठी, खोरफक्कानला निघाली. मागच्या सीटवर त्यांची मुलगी इरा होती. चढावर गाडी धापा टाकत होती, पण चढली. बोगदा संपला, उतार लागला आणि शेजारून एक ट्रेलर जोरात पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने कॅरव्हॅन किंचित डावीकडे सरकली. मग उजवीकडे. मग आणखी डावीकडे. बघता बघता ती गाडीचं ढुंगण धरून हलवायला लागली. स्टीअरिंग हातात हलकं, पोकळ लागत होतं.

"आई, व्हॉट इज हॅपनिंग?"

"ब्रेक मार, विभा!" प्रसाद ओरडला.

तिने मारला नाही. का नाही, ते तिला आजही सांगता येत नाही. तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि स्टीअरिंग नुसतं सरळ धरून ठेवलं. आरशात ते पांढरं धूड कठड्याला घासू बघत होतं. वेग उतरत गेला, डोलणं कमी झालं, आणि गाडी कडेला उभी राहिली. इरा हुंदके देत होती. विभावरीची बोटं स्टीअरिंगवरून सुटेनात. प्रसादने एकेक करून ती सोडवली.

घाटाच्या पायथ्याशी खडीच्या ट्रकांचा वजनकाटा होता. तिथपर्यंत तिने गाडी रांगत नेली आणि काटेवाल्याला गाडी आणि कॅरव्हॅन वेगवेगळी तोलायला सांगितली. पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली, खुर्च्या, शेगडी, सिलिंडर सगळं मागच्या टोकाला कोंबलेलं. कॅरव्हॅन गाडीपेक्षा जड भरली.

विभावरीने आकडा पाहिला. तिने प्रसादकडे पाहिलं. तो खाली बघत होता. त्याला नवल वाटलेलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

तो म्हणाला, "किती वजन ओढायचं ते गाडीच्या पुस्तकात आहे. कॅरव्हॅन जोडायचा हूक बसवायच्या आधीच वाचलं होतं. वाटलं, हळू गेलो तर चालून जाईल. तुला सांगितलं असतं तर तू चावी घेतलीच नसतीस."

"नसतीच घेतली."

एवढंच ती बोलली. रस्त्यावर बसला त्याहून मोठा धक्का तिला त्या काट्यावर बसला. कॅरव्हॅन तिथेच ठेवून ती दोघांना घेऊन घरी आली. त्यानंतर कित्येक दिवस प्रसाद समोर जेवत असला की तिची नजर त्याच्यावर खिळायची. इतक्या वर्षांचा हा माणूस आपल्याला आणि पोरीला त्या उतारावर जाणूनबुजून कसा घेऊन गेला, हे तिच्या डोक्यात बसेना. त्याने माफी मागितली. तिने ऐकून घेतली.

ती कॅरव्हॅन विकली. पुढच्या हिवाळ्यात लहानशी आणली. ती सामानासकट गाडीपेक्षा बरीच हलकी राहते. मागचं टोक जड झालं की कॅरव्हॅन डोलते, म्हणून जड वस्तू चाकांच्या वर ठेवायच्या आणि हुकावर बेताचाच भार येऊ द्यायचा, हे विभावरीने शिकून घेतलं. निघण्याआधी ती भरलेली कॅरव्हॅन काट्यावर नेते. प्रसाद आकडा वाचून सांगायला पुढे होतो. "थांब," म्हणून ती गाडीतून उतरते आणि काट्याच्या केबिनच्या काचेपाशी जाऊन स्वतः वाचते.