सायजाआत्याचं कांद्याचं बी

सांगावा आला तेव्हा मी नांदूरघाटला एका पंगतीत गोष्ट रंगवत होतो. नेकनूरची सायजाआत्या गेली... माझ्या बापाची बहीण, तरुणपणीच रंडकी झालेली, साऱ्या गावाला कांद्याचं बी पुरवणारी. आणि गोष्टही तिचीच चालली होती.

"आमच्या आत्यानं माझ्या लग्नात कांद्याचं बी फोडणीला टाकलं!" वीस वर्षं मी हे नकला करून सांगत आलो, लोक पोट धरून हसायचे. झालं होतं असं, की कीड लागू नये म्हणून बियाचं गाडगं ती चुलीवर शिंक्यात टांगायची. रोजच्या दोन भाकरींचा धूर त्याला मानवायचा. माझ्या लग्नात मात्र तिच्या खोपीतली चूल चार दिवस विझली नाही. विधवेला मांडवात जागा नव्हती, म्हणून रांधायला तीच बसली होती. पाचव्या दिवशी गाडगं उतरवून तिनं माझा हात त्याला लावला. "किसन्या, लई तापलंय रं. बी मेलं असंल. औंदा कुनाला द्यायचं न्हाई."

"आत्या, बी काय भाकर हाय का करपायला?" असं म्हणून, जणू निजामसरकारचा सुभेदारच असल्यागत ऐटीत, मीच ते गावभर वाटलं.

वाफे केले, पाणी दिलं, महिना गेला... एक हिरवा केस वर आला नाही. लोक तिच्या दारात आले. "सायजाबाय, कावून माती केली आमची?" ती खाली मान घालून ऐकत राहिली. माझं नाव तिनं घेतलं नाही, आणि मी तिथंच उभा होतो. पुढं कोणी तिच्याकडे बी मागितलं नाही. लिंबागणेशहून आणू लागले. मी मात्र गोष्ट रचली.

दहाव्यानंतर खोप आवरली. चुलीपासून सगळ्यात लांबच्या गार कोपऱ्यात शेणानं तोंड लिंपलेलं एक मडकं निघालं. आत यंदाचं काळंभोर बी. घेणारं कोणी नव्हतं, तरी धरलेलं. चिमूटभर ओल्या फडक्यात बांधून ठेवलं. आठव्या दिवशी उघडलं, तर दाण्यादाण्याला पांढरा कोंब.

ते फडकं घेऊन मी चावडीवर गेलो. आत्या नको म्हणत असताना मेलेलं बी मीच वाटलं होतं, हे पहिल्यांदा बोललो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले... हसायची जागा कधी येते, याची वाट बघत.