व्याह्यांच्या माळावरचे अठरा होल

आमच्या व्याह्यांइतका वाईट गोल्फ खेळणारा माणूस पुणे जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि त्यांच्याइतक्या आनंदात खेळणारा तर साऱ्या देशात नसेल. हे मी अधिकाराने सांगतो, कारण गेली चार वर्षं दर रविवारी त्यांच्या खालोखाल वाईट मीच खेळत आलो आहे. बँकेत कारकुनी करून निवृत्त झालेल्या कसबा पेठेतल्या माणसाने गोल्फ खेळावा, ही गोष्ट आमच्या गल्लीला अजून पचलेली नाही. "कुठे निघालात?" "गोल्फला." "सांगायचं नसेल तर राहू द्या," इतक्यावर आमचा संवाद आटोपतो. व्याही लोणी काळभोरकडचे शेतकरी. त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी एकाच कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसत होते, तिथे जमलं, लग्न झालं आणि आम्ही व्याही झालो. पुढे त्या दोघांचं पटेनासं झालं. वेगळं होण्याची बोलणी सुरू झाली तेव्हा बाप म्हणून जी काळजी वाटायला हवी ती मला वाटलीच. पण तिच्या पोटात आणखी एक लहानशी, कुणाला सांगायची लाज वाटावी अशी काळजी होती. आता माझ्या रविवारचं काय होणार?

हा गोल्फ त्यांच्या नशिबी आला तो जमिनीबरोबर. गावाबाहेरच्या डोंगराच्या माथ्यावर त्यांच्या भावकीचा मोठा माळ होता. एका बिल्डरने तिथे टाउनशिप आणि गोल्फचं मैदान काढलं, आणि मूळ मालकांना क्लबचं आजन्म सभासदत्व दिलं. बाकीच्या भावकीने ते कार्ड कपाटात ठेवलं. व्याही मात्र पहिल्याच आठवड्यात खेळायला हजर. "जमीन आपली व्हती, तिच्यावर काय चाललंय ते बघाया नको व्हय?" असं त्यांचं म्हणणं. क्लबच्या नियमांत कॉलरचा टी-शर्ट, पँट आणि उन्हासाठी टोपी असं लिहिलेलं होतं. व्याही टी-शर्ट आणि पँट घालून गेले, आणि वर कडक इस्त्रीची पांढरी गांधी टोपी. फाटकावरच्या माणसाने हरकत घेतली तेव्हा त्यांनी नियमांचा फलक त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतला. कुठली टोपी ते त्यात लिहिलेलं नव्हतं. आज क्लबच्या माहितीपत्रकावर दरीकाठचा जो फोटो आहे, त्यात एका कोपऱ्यात तीच टोपी दिसते.

मला त्यांनी का ओढलं, याचं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी त्यांची जीप आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, कारण आत ती मावत नाही. मैदान त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर, आणि माझ्यासाठी ते उलट्या दिशेने अख्खं शहर ओलांडून येणार. मी म्हणालो, "अहो, मी बसने येत जाईन." त्यावर ते खरोखर दुखावले. "मुलीकडच्यांनी बसनं यायचं? लोकं काय म्हणतील?" गोल्फच्या मैदानावरचे कुठले लोक माझ्या बसबद्दल बोलणार होते, देव जाणे.

आणि हीच मुलीकडच्यांची भानगड आम्हाला पहिल्या होलपासून नडत आली. गोल्फमध्ये असा रिवाज आहे की मागचा होल ज्याने जिंकला त्याने पुढच्या होलला पहिला फटका मारायचा. व्याह्यांना हे बिलकूल मान्य नाही. त्यांच्या मते पहिला मान मुलीकडच्यांचा, मग होल कुणीही जिंको. माझ्या मते, माझ्या आईने मला शिकवल्याप्रमाणे, पहिला मान मुलाकडच्यांचा. "तुमी मारा पाव्हणं." "छे छे, आधी आपण." "आवं, असं कसं?" "असंच असतं." हे एका होलला पाच मिनिटं चाललं तर अठरा होलांचा किती वेळ होतो ते पाहा. मागे चार-पाच तरुण काठ्या टेकून ताटकळत असत. त्यांतला एकजण एकदा ओरडला, "काका, प्लीज, कुणीतरी मारा ना!" व्याही त्याच्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "लगीन झालंय का तुमचं? न्हाई ना? मग कळायचं न्हाई." आकडे लिहितानाही तेच. गोल्फमध्ये फटके जितके कमी तितका खेळ चांगला. मी सात फटक्यांत होल संपवला की ते कागदावर चार लिहीत. मी तक्रार केली की म्हणत, "तुमचं काय मोजायचं!"

पहिला होल त्यांच्या जुन्या आंब्यापासून सुरू होतो. आंबा आता नाही, पण व्याही चेंडू ठेवायच्या आधी तो जिथे होता तिकडे बघून घेतात. तिसऱ्या होलला पूर्वी हुलगा पेरत. आता तिथे परदेशातून आणलेलं गवत आहे, ते चिमटीत धरून ते मला दर रविवारी सांगतात की हे म्हशीने तोंडात धरलं नसतं. काठी ते कुऱ्हाडीसारखी धरतात. क्लबच्या शिक्षकाने सुरुवातीला महिनाभर त्यांची पकड सुधारायचा प्रयत्न केला, मग स्वतःच एकदा त्यांच्या पद्धतीने मारून पाहिलं आणि पुढचे आठ दिवस कंबर धरून हिंडला. फटका मारण्याआधी व्याही चेंडूशी बोलतात. "हां, चल राजा, सरळ जा, आडवंतिडवं न्हाई." राजा आडवातिडवाच जातो. पाचव्या होलच्या वाळूच्या खड्ड्यात तर त्यांचा चेंडू हटकून पडतो, आणि मग ते त्या वाळूची मूठ उचलून नाकाशी नेतात आणि जाहीर करतात की ही आपल्या ओढ्याची नव्हे.

चेंडू झाडीत हरवला की दुसरा माणूस चेंडू शोधतो. आमचे व्याही भाजी शोधतात. माळाच्या कडेच्या त्या झुडपांत कुठे चिवळ उगवते, कुठे तांदुळजा, कुठे टाकळा, हे त्यांना लहानपणापासून पाठ. चेंडू जातो तो जातोच. पंधरा मिनिटांनी ते रुमालात बांधलेली भाजी घेऊन बाहेर येतात आणि ती माझ्या पिशवीत घालतात. घरी गेल्यावर माझी बायको पिशवीत डोकावते आणि म्हणते, "आज व्याह्यांचा खेळ फारच वाईट झालेला दिसतोय. दोन वेळची होईल." तिने आयुष्यात गोल्फचं मैदान पाहिलेलं नाही, पण धावफलक ती असा अचूक वाचते.

सातवा होल मात्र खरा. तिथे माळ संपतो आणि कडाच तुटतो. आपण अलीकडच्या टोकाला उभे, मध्ये खोल घळ, आणि पलीकडच्या सुळक्यावर गवताचं हिरवं तबक, त्यात भोक आणि भोकात उभा झेंडा. खाली ऊस, विहिरी, रस्त्यावरून जाणारे ट्रक, आणि लांब धुक्यात पुणं. पहिल्यांदा मी तिथे उभा राहिलो तेव्हा काठी हातातून खाली ठेवली आणि नुसता बघत राहिलो. कसबा पेठेत माणसाला समोरच्या घराची भिंत दिसते, फार तर तिच्यावरचा पाण्याचा पाइप. व्याही बाजूला उभे होते, जणू ते सगळं त्यांनीच सकाळी उठून मांडून ठेवलं होतं. मग त्यांनी खिशातून एक कोरा चेंडू काढला, नमस्कार केला आणि मुद्दाम घळीत मारला. खाली मधोमध म्हसोबाचा दगड आहे. वर्षानुवर्षं त्यांच्या घरातून त्याला नारळ जात होता. आता तिकडे उतरायची वाट बंद झाली, म्हणून चेंडू. गोल्फच्या नियमाप्रमाणे घळीत चेंडू गेला की एका फटक्याचा दंड बसतो. व्याही तो दंड कागदावर स्वतःच्या नावापुढे ठळक अक्षरात लिहितात. इतर सगळीकडे आकडे खुशाल इकडचे तिकडे करणारा हा माणूस त्या एका आकड्याला कधी हात लावत नाही.

त्यानंतर तिथेच, कड्यावर, फडकं पसरून भाकरी, ठेचा आणि पिठलं. मागून येणाऱ्या सगळ्यांना आग्रह. एकदा आमच्यावर ओरडलेला तो तरुण, कुठल्यातरी मोठ्या कंपनीतला साहेब, सुरुवातीला "नो नो काका, डाएटवर आहे" म्हणाला. व्याह्यांनी भाकरीचा चतकोर त्याच्या हातमोज्यावरच ठेवला. पुढच्या रविवारी तो फाटकाशीच भेटला आणि म्हणाला, "काका, ठेचा आणलाय ना? लिटरली आठवडाभर वाट बघितलीये."

असं सगळं चाललं होतं. मुलांचं आणि आमचं असे दोन वेगळे हिशेब आम्ही न बोलता ठेवले होते. बोलणी चालू असतानाही जीप येत राहिली. मुलं अजून कागदावर नवरा-बायको होती, म्हणजे आम्ही कागदावर व्याही होतो. मग एका गुरुवारी मुलीचा फोन आला. "झालं बाबा. सह्या झाल्या." तिचा आवाज थकलेला पण मोकळा होता. मी तिला जे बोलायचं ते बोललो आणि फोन ठेवला.

रविवारी मी नेहमीप्रमाणे बूट घालून तयार झालो. नेहमीची वेळ झाली, जीप आली नाही. अर्धा तास गेला. बायको म्हणाली, "अहो, काढा ते बूट." मी काढले नाहीत. आता मी मुलीकडचा नव्हतो, तेव्हा मला बसने जायला कुणाची हरकत असायचं कारण नव्हतं, असा एक कारकुनी युक्तिवाद करून मी घराबाहेर पडलो. मंडईपर्यंत चालत आलो, आणि तिथे भाजीच्या टेम्पोंच्या रांगेत मला ती जीप दिसली. व्याही आत बसलेले, टोपी मांडीवर, शेजारच्या सीटवर भाकरीचं गाठोडं.

"कधी आलात?" मी विचारलं.

"झाला की घंटाभर."

"मग घरी नाही का यायचं?"

ते समोरच्या काचेतून मंडईकडे बघत राहिले. "कुठल्या नात्यानं येऊ, पाव्हणं?"

मी दार उघडून गाठोडं मांडीवर घेतलं आणि बसलो. सोलापूर रस्त्याला लागेपर्यंत आम्ही फक्त रहदारीला नावं ठेवली.

फाटकाशी वही असते. सभासदाने आपल्याबरोबर आलेल्या पाहुण्याचं नाव आणि नातं तिच्यात लिहायचं. चार वर्षं तिथे माझ्या नावापुढे व्याह्यांच्या तिरप्या अक्षरात "व्याही" असंच होतं. त्या दिवशी त्यांनी नाव लिहिलं आणि पेन थांबलं. मागे दोन गाड्या आल्या. मी हळूच म्हणालो, "लिहा हो काहीही, कोण वाचतंय?"

"मी वाचतोय की," ते म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं, "घरचे".

पहारेकऱ्याने वही आपल्याकडे वळवून घेतली, वाचलं आणि मिटून टाकली. "काका, घरच्यांची नोंद करायची नसते. जावा आत."

आम्ही अठराही होल खेळलो. दोघंही इतके वाईट खेळलो की पिशवीत भाजी मावेना. मुलांचा विषय कुणी काढला नाही. शेवटच्या होलला मी झेंडा उचलून धरला होता, व्याह्यांनी चेंडू भोकात ढकलला, तो काढायला गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि तसेच वाकलेले असताना त्यांनी विचारलं, "पोरगी जेवती ना येळेवर?"

"जेवते," मी म्हणालो. "आणि तुमचा मुलगा?"

"त्योबी जेवतो."

ते उभे राहिले. आता झेंडा परत भोकात लावून आम्ही बाजूला व्हायला हवं होतं, पण आम्ही दोघंही त्या चार इंचांच्या भोकाकडे बघत उभे होतो. मागे माणसं खोळंबली होती, आणि त्या दिवशी त्यांच्यापैकी कुणी आवाज दिला नाही.