सॉरी सर

आई वॉर्डात होती त्या आठही रात्री ही सिस्टर ड्यूटीवर होती. आमच्याशी बोलताना आवाज खणखणीत: "काहून घाबरता भाऊ? मी आहो नं!" पण रातपाळीच्या डॉक्टरला फोन लावताना ती आधी एप्रन नीट करायची, जणू तो फोनमधून बघतोय. मग फोन स्पीकरवर ठेवून सुरुवात ठरलेली: "सॉरी सर, आपको उठाया." ड्यूटी त्याची, आणि झोप मोडली म्हणून माफी हिने मागायची! माझं डोकं फिरायचं.

पाचव्या रात्री आईला धाप लागली. सिस्टरने तीनदा फोन केला. तिन्ही वेळा उत्तर एकच: "सुबह देखेंगे." चौथ्यांदा तिने रजिस्टर उघडलं आणि शांतपणे विचारलं, "सॉरी सर, 'सुबह देखेंगे' यही लिख दूँ, आपके नाम से?"

दहा मिनिटांत डॉक्टर हजर. इंजेक्शनने आईला आराम पडला, तसा तो माझ्याकडे वळला. "सिस्टर ने बताने में देर कर दी."

ती खाली मान घालून लिहीत राहिली. चारही फोन मी माझ्या कानांनी ऐकले होते. तरी मी त्यालाच हात जोडले आणि म्हणालो, "सॉरी सर, आपको तकलीफ हुई."