झोपेत बसलेली गाठ
खळ लावलेल्या सुताचा आंबूस वास आला की मला कामठीच्या पॉवरलूम शेडमधली माझी तिसरी दुपार आठवते. तुटलेला धागा जोडायची गाठ मला काही केल्या जमत नव्हती. ती बारीकच हवी, जरा जाड राहिली की मागाच्या फणीत अडकून धागा पुन्हा तुटतो. सकाळपासून माझे धागे तुटत होते आणि मुकादम सगळ्यांसमोर ओरडत होता. जेवणाच्या सुट्टीत माग थांबले, तेव्हा त्याने बजावलं, "तू गाठीच मारत बस." बोटं सुजली होती, डोळे जळत होते. मी डबा संपवला आणि सरळ सुताच्या पोत्यांवर आडवी झाले. "काहून वं, झोपायले ठेवलं का तुले?" तो पायाशी येऊन गरजला. "काका, जागी राहून तर चुकूनच राहिली ना मी," मी डोळे न उघडता म्हणाले, "आता झोपून पाहू द्या." "मग उद्यापासून येऊ नको." मी कूस बदलली. झोपेतही बोटं धागाच वळत होती. भोंगा झाल्यावर उठले आणि त्याच्यासमोरच गाठ मारली. ती फणीतून अलगद पार झाली. दुसरीही, तिसरीही. तो पुढच्या मागाकडे वळला. दुसऱ्या दिवशी मी गेले, आणि जेवून झोपलेही. झोपेत मेंदू शिकलेलं घोटून घेतो, हे आता कॉलेजात जाणारी माझी लेक मला सांगते. आज नव्या पोरींना गाठ मीच शिकवते. जेवणानंतर त्या आडव्या झालेल्या दिसल्या की मालक विचारतात, "ह्या काहून झोपून राहिल्या?" मी सांगते, "शिकून राहिल्या."