अब्बांनी विचारलेले खांब

मुलीकडच्यांनी मुलाचं घर बघून यायचं, ही आमच्याकडची रीत. धाकट्या बहिणीला स्थळ आलं, तेव्हा अब्बा आणि मी कवठे महांकाळला गेलो. मुलाचे वडील बेदाण्याचे व्यापारी. बंगला नवाकोरा. पुढं चार उंच पांढरे खांब, खांबांच्या माथ्याला पानांची नक्षी, वर त्रिकोणी दर्शनी भिंत. असले बंगले आता साताऱ्यापासून मिरजेपर्यंत कुठंही दिसतात. मी कॉलेजात वास्तुकलेचा इतिहास शिकवतो, त्यामुळं मला ते बघवत नाहीत.

अब्बा सांगलीत प्लास्टरचं नक्षीकाम करतात. त्यांचं काम बघायला मी कधी गेलो नव्हतो.

चहा आला. अब्बांनी सहज विचारलं, "खांब कसं वाटत्यात रं?"

मला वाटलं, पाहुण्यांपुढं माझी हुशारी दाखवायला सांगताहेत. मग काय, मी सुटलोच. ग्रीकांच्या देवळांत खांब दगडी असत, छप्पर पेलत. कित्येक शतकांनी युरोपनं ते पुन्हा उचलले, इंग्रजांनी इकडं कचेऱ्यांना लावले. इथवर ठीक होतं. "आणि हे म्हणजे पाइपाभोवती प्लास्टर. पोकळ. नुसती नक्कल," असं म्हणून मी वर हसलोही. सोयरीक जुळवायला आलोय, याचंही भान राहिलं नाही.

दुसरं कुणी हसलं नाही. व्यापाऱ्यांनी कप खाली ठेवला. "आवं, तुमच्या वडलांच्याच हातचं हायेत की! त्यांचं काम बघूनच तर आमी तुमच्या घरची मुलगी मागितली."

माझे कान तापले. अब्बांना आपल्या कामाचं कौतुक माझ्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून खांब त्यांनीच केलेत हे वाटेत सांगितलं नव्हतं. आणि ग्रीकांनी तरी काय केलं? आपल्या जुन्या लाकडी देवळांची दगडात नक्कलच केली, तुळयांची टोकंसुद्धा दगडात कोरली. हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. तिथं नेमकं गिळलं, कारण सांगितलं असतं तर माझा तोरा उतरला असता. अजून आठवलं की लाज वाटते.

"शिकलेला हाय त्यो," अब्बा म्हणाले. "पोकळच हायेत, खोटं काय बोलला?" मग माझ्या वतीनं त्यांनीच माफी मागितली.

सोयरीक जुळली, ती त्यांच्यामुळं. घरी आल्यावर चार शब्द सुनावतील असं वाटलं होतं, पण एक अक्षर बोलले नाहीत. आता फक्त नक्षीचा नवा साचा घडवायचा झाला, की आधी मला फोटो पाठवतात आणि फोन करून विचारतात, "ह्ये चालंल न्हवं?"